रिकाम्या सीटची पूजा

१

मला हे सांगायचंच नव्हतं. नात मागं लागली. म्हणाली, "आबा, तुम्ही एकदा लिहून काढा, न्हायतर ह्ये माझ्या डोक्यातनं जायचं न्हाय." म्हणजे हिच्या डोक्यातनं जावं म्हणून मी माझ्या डोक्यातलं कागदावर काढायचं! शिकली पुण्यात, नोकरी पुण्यात, हट्ट मात्र आमच्या गडमुडशिंगी गावचाच. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेला माणूस. अक्षर माझं चांगलं आहे, पण ते ट्रकच्या मागच्या फाळक्यावर. कागद आला की हात आखडतो. तेव्हा चुका काढत बसू नका. वाचायचं तर वाचा, नाहीतर ठेवा बाजूला.

मी जोतीराम चौगुले. उद्यमनगरात सगळी हयात गाड्या रंगवण्यात गेली. ट्रक, टेम्पो, उसाच्या ट्रॉल्या. कॉम्प्रेसरच्या शेजारी उभं राहून राहून कान गेले. पार बहिरा नाही मी. ट्रकचं इंजिन ऐकू येतं, म्हशीचं हंबरणं ऐकू येतं, समोर बसून बोललं तर माणूस कळतो. बारीक आवाज तेवढा माझ्यापर्यंत पोचत नाही. घड्याळाचा गजर नाही, मोबाईलची टिकटिक नाही. आमच्या घरावरून उजळाईवाडीच्या विमानतळावर विमानं उतरतात, ती मला कानात नाही, बरगड्यांत कळतात.

कानाचं आधी सांगितलं ते बायकोसाठी. चिमणाबाईचं लहानपण इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडात गेलं. तिथला कापूस अजून तिच्या छातीत आहे. गेल्या थंडीत घरात ऑक्सिजनचं मशीन आलं आणि तिच्या नाकात नळी आली. नळी निघाली की थोड्या वेळात ओठ निळे पडतात. आणि ही बाई झोपेत नळी ओढून काढते. हाक मारायची तर आवाज उंदराएवढा.

मुलगा उदयसिंह कागलच्या एमआयडीसीत, सून क्रांती पतसंस्थेत. दिवसभर घरात आम्ही दोघंच. एकीला श्वास नाही, एकाला कान नाहीत.

उदय सारखं म्हणायचा, "आण्णा, येक दिवस आई हाका मारून मारून जाईल आन तुमास्नी कळायचं बी न्हाय. तिला इचलकरंजीला मामाकडं ठेवतो. तितं मानसं हायत."

ते खरंच होतं. पण तिला नेलं असतं तर या घरात मी कुणावर खेकसायचं? मला भीती होती ती एवढीच. भुताखेताची नव्हती.

२

शिवानी, म्हणजे उदयची मुलगी, उन्हाळ्यात आली ती एक खोका घेऊन. आत प्लास्टिकचे तुकडे. ते जोडले की दुसऱ्या महायुद्धातलं, एका माणसानं उडवायचं लढाऊ विमान तयार होतं, वीतभर. मग ते रंगवायचं.

"हात थरथरत्यात म्हणून नुसतं बसून ऱ्हाऊ नगासा," म्हणाली. "आन रंगवून झालं की वेदरिंग करायचं."

"ते काय असतंय?"

"जुनं करायचं, आबा. रंग टवके गेलेला, तेल गळालेलं, धूर लागलेला. लढाईवरनं आल्यावानी."

"येडी हायस व्हय गं? जन्मभर लोकांच्या गंजलेल्या गाड्या नव्या करून दिल्या मी. आता नवं घिऊन भंगार करू?"

"जमत नसंल तर ऱ्हाऊ दे की. बाबांना दिते. ते करतील."

आमच्या घरातल्या बायकांना माझी नस बरोबर सापडते.

बाहेरच्या खोलीत, सोप्यात टेबल टाकलं. थिनरचा वास चिमणाबाईला चालत नाही, म्हणून मधलं दार ओढून घ्यायचो आणि दर थोड्या वेळानं उठून आत डोकावून यायचो. रंगाचा ब्रश घेतला की थरथर थांबायची, हे मात्र शिवानीचं खरं निघालं. चहाचा कप धरताना थरथरणारा हात विमानाच्या पंखावर सरळ रेघ ओढायचा. त्याचं मलाही नवल वाटलं. पण हे पोरीला सांगितलं नाही. डोक्यावर बसली असती.

पायलट मात्र गेला. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, करड्या प्लास्टिकचा माणूस. चिमट्यातनं उडाला आणि फरशीवर कुठं गेला देव जाणे. गुडघ्यावर बसून शोधायचं माझं वय राहिलं नाही. म्हटलं, उभ्या गाडीला ड्रायव्हर कशाला? सीट रिकामीच ठेवली आणि वरनं काच चिकटवून टाकली.

३

माझे गुरू हंबीरराव मिस्त्री. त्यांच्या शेडातनं रंगवलेली गाडी तशीच बाहेर जायची नाही. बॉनेटला कुंकू, चाकाखाली लिंबू, नारळ. आणि नारळ फोडताना सीटवर कुणीतरी बसलेलं पाहिजे म्हणजे पाहिजेच. मालक नसला तर क्लिनर, तोही नसला तर मला वर चढवायचे. "रिकाम्या सीटची पूजा करू नये, जोत्या." का करू नये ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. प्रश्न विचारला की पाना फेकून मारायचे.

विमानाचा रंग वाळला त्या दिवशी माझ्या हातानं सवयीनं सगळं केलं. नाकाला कुंकवाचं बोट. लिंबू चाकापेक्षा कितीतरी मोठं होतंय म्हणून चाकाखाली लिंबाची बी ठेवली. पायरीवर नारळ फोडला.

चिमणाबाईला तेवढ्यात आधार देऊन सोप्यात आणून बसवलं होतं, मशीनसकट. ती म्हणाली, "नारळ फोडलाय तर चटनीला तरी द्या. इमान काय खानार हाय?"

"खाईल की. तुझ्यापेक्षा कमीच खाईल."

ती हसली, खोकली, मग विमानाच्या अंगावर वाकून बघत बसली. "अवं, ह्येच्यात डायवर कुटाय?"

"पडला. झाडलोटीत गेला आसंल."

"मग पूजा कुनाची केलीसा?"

मी हसलो. पण त्या वेळी हंबीरराव मिस्त्रींचा पाना कानाजवळनं गेल्यासारखं वाटलं खरं.

४

जुनं करायचं काम मी आधी शिव्या देत केलं आणि नंतर मला त्याचं वेड लागलं. सगळ्या हयातीत मी घासून घासून म्हातारपण काढत आलो. ते लावायचं कसं असतं ते पहिल्यांदा बघितलं. स्पंजाचा तुकडा चंदेरी रंगात बुडवून, पुसून, पंखाच्या मुळाशी हलकं टेकवायचं, जिथं पायलट पाय ठेवून चढतो. तिथलाच रंग आधी जाणार. इंजिनाच्या फटीतनं तपकिरी तेलाची धार मागं ओढायची. धुराड्यांच्या मागं काजळी. ती मी देवापुढच्या निरांजनावर वाटी धरून घरचीच काढली आणि बोटानं अर्धं बोट लांब पट्टा ओढला.

झाल्यावर विमान असं दिसायला लागलं की हे कुठंतरी जाऊन आलंय. जाऊन आलं म्हणजे वाचून आलं. मला ते बरं वाटलं.

दोन-चार दिवसांनी काचेवर आतनं धुकं दिसलं.

शिवानी पुण्याला परत गेली होती, तिला फोन लावला, स्पीकर चालू करून कानाला लावून. ती म्हणाली, "आबा, तुमी काच झटपट गोंदानं चिकटवली. त्याच्या वाफेनं काच पांढरी पडती. आता ती जायची न्हाय."

माझीच घाई नडली म्हणून चरफडत मागं वळून बघितलं तर काच लख्ख होती. मी बघतोय तोवर परत धुकं आलं. परत गेलं.

मी शहाणा माणूस आहे. लगेच देव्हाऱ्याकडं पळालो नाही. ऊन लागत असेल म्हणून विमान सावलीत ठेवलं. दमट हवा असेल म्हणून पंखा लावला. काच फडक्यानं पुसली, पण ते बाहेरनं नव्हतंच. धुक्याच्या येण्या-जाण्याला काहीतरी ठेका होता. आमच्या वरनं विमान गेलं, टेबल हाललं, तरी तो ठेका चुकला नाही.

मग उठून आत गेलो. चिमणाबाई झोपली होती. छाती वर, छाती खाली. मधलं दार उघडं टाकून मी उंबऱ्यावर उभा राहिलो. तिथनं एका नजरेत खाट आणि दुसऱ्या नजरेत टेबल दिसतं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. तिची छाती खाली बसली की तिकडं काचेवर धुकं. तिनं श्वास घेतला की काच साफ.

मी खूप वेळ उभा होतो. मग चहा करून प्यायलो. दुसरं काय करणार?

५

माणसाला कशाचीही सवय होते. मला त्या काचेची झाली. खरं सांगू का, मला ती आवडायला लागली. सोप्यात बसून मी मिरच्यांची देठं काढायचो, पेपर बघायचो, आणि मधनं मधनं काचेकडं नजर टाकायचो. धुकं आलं, गेलं. आत सगळं ठीक आहे. मला जे कानानं कळायचं नाही ते कुणीतरी डोळ्यांनी सांगत होतं.

धुराचा पट्टा मात्र लांब झाला होता. मी ओढलेला अर्धं बोट. आता तो पंखाच्या मागच्या कडेपर्यंत गेला होता, इंजिन पुष्कळ वेळ चालल्यासारखा. हात थरथरतो, आपणच नंतर कधी ओढला असेल असं मी स्वतःला म्हणालो. आणि त्या बाजूला बघायचं टाळलं.

एका दुपारी काचेवरचं धुकं भराभर यायला लागलं. येतंय, पुरतं जात नाही, तोवर परत येतंय. माझ्या हातातनं मिरच्यांचं ताट पडलं. आत गेलो तर नळी उशीखाली आणि चिमणाबाई तोंड उघडून छताकडं बघत होती. ओठ जांभळे. नळी नाकात घातली, पाठ चोळत बसलो. थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांत ओळख आली.

"हाक मारलेली ऐकू आली व्हय तुमास्नी?" तिनं विचारलं.

"व्हय," म्हणालो. "ऐकू आली."

तिनं माझा हात धरला आणि रडली. लग्नानंतर एवढी मोठी थाप मी तिला मारली नव्हती.

सोप्यात येऊन विमानापुढं उभा राहिलो. वाटीत पाणी घेतलं आणि त्याच्या नाकापुढं ठेवलं. कुणी वाचवलं तर त्याला पाणी तरी विचारावं की.

त्यानंतरही असं झालं, एकदा नाही. दर वेळी मी वेळेवर पोचलो.

६

माझी चूक एवढीच की मी उदयला सांगितलं. वाटलं होतं, पोराला धीर येईल, इचलकरंजीचं नाव काढायचं थांबेल.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू बोलला, तोंड माझ्यासमोर आणून, मला नीट कळावं म्हणून.

"आण्णा, आईची नळी निघती तवा दर येळी तुमीच कसं पोचतासा? बहिरा मानूस?"

"सांगितलं की तुला."

"खेळन्यानं सांगितलं. असं कुटं असतंय व्हय?" त्यानं मान हालवली. "तुमीच काढताय नळी. तुमीच घालताय. तिला हितं ठेवायची म्हणून."

क्रांती मागनं म्हणाली, "आवो, काय बोलताय तुमी? आण्णा हायत ते."

"म्हातारपनात डोकं असंच चालतंय. त्येंला बी कळत नसंल." असं म्हणून त्यानं टेबलावरनं विमान उचललं. "कुटाय धुकं? दाखवा."

नेमकी तेव्हा काच साफ दिसत होती. त्यानं अंगठ्याचं नख काचेच्या फटीत घातलं आणि वर दाबलं.

आतल्या खोलीत क्रांती पळत गेली. तेवढ्यावरनं मला कळलं की काहीतरी आवाज झाला. चिमणाबाई खाटेवर उठून बसली होती, दोन्ही हात गळ्याशी. नळी नाकातच होती.

"ठेव ते खाली!" मी एवढा ओरडलो की मला स्वतःला ऐकू आलं.

त्यानं ठेवलं. तिचे हात गळ्यावरनं खाली आले.

"ठसका लागला," उदय म्हणाला. पण विमानाकडं परत बघितलं नाही. "आयतवारी तिला नेतोय. तवर तुमी एकटं तिच्या खोलीत जायचं न्हाय."

घरच्या माणसानं घरच्या माणसाला असं बोलावं? माझ्या बायकोच्या खोलीचं दार मला बंद.

७

रविवारी सकाळी गाडी यायची होती. क्रांती पिशवी भरत होती. उदय आईजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला होता, राखण करत. कुणापासून, तर माझ्यापासून. कानात ती छोटी बोंडं घालून मोबाईलवर काहीतरी बघत होता.

मी सोप्यात. समोर विमान. धुकं येत होतं, जात होतं. मनात म्हटलं, आज ही गेली की तुझंही काम संपलं, बाबा. तिकडं तिला मोठ्या कानाची माणसं आहेत.

आणि धुकं थांबलं.

भराभर येणं वेगळं. हे थांबलं. काच लख्ख, आत रिकामी सीट, तिचे पट्टे मी पिवळ्या रंगानं रंगवलेले, तेही दिसले. मी वाट बघितली. आलं नाही. उठावं तर पोराचा हुकूम. तो तिच्याजवळ बसलाय, त्याला डोळे आहेत, कान आहेत, मी काय सांगू?

तेवढ्यात काच एकदम पांढरी झाली. सगळी. एका दमात, जोर लावून सोडल्यासारखी. आणि त्या पांढऱ्यावर आतनं कुणीतरी पुसलं. मेणबत्तीच्या वातीएवढ्या जागेत, डावीकडून उजवीकडं, एकदाच.

त्या पुसलेल्या जागेतनं सीट दिसायला पाहिजे होती. सीट दिसली नाही. मधी काहीतरी होतं. डोळा होता असं मी म्हणणार नाही. मला फक्त एवढं सांगता येतं की ते माझ्याकडं बघत नव्हतं. ते आतल्या खोलीकडं बघत होतं.

मी दाराला खांदा मारून आत शिरलो. उदय दचकला. "आण्णा, सांगितलं हुतं न्हवं..."

चिमणाबाई त्याच्या शेजारीच होती. हातभर अंतरावर. तोंड काळंनिळं, बोटं चादरीत रुतलेली. नळी नाकात बरोबर. मशीनवर लाल दिवा उघडमीट करत होता. ते किंचाळतही असणार. मला ते ऐकू येत नाही, आणि त्याच्या कानात बोंडं.

मी नळी नजरेनं मागं मागं बघत गेलो. तिच्या नाकापासून, उशीवरनं, खाटेवरनं खाली, फरशीवर. खुर्चीच्या पायाखाली. वर माझा ऐंशी किलोचा मुलगा.

"ऊठ!"

तो उठला नाही, बघतच राहिला. मी खुर्चीसकट त्याला आडवा केला. या वयात ते बळ कुठनं आलं मला माहीत नाही. नळी फुगली. चिमणाबाईनं श्वास घेतला, असा की माझ्याही छातीत तो उतरला.

क्रांती दारात पिशवी घेऊन उभी होती. तिनं पिशवी खाली ठेवली आणि उलटी करून कपडे बाहेर काढायला लागली.

८

त्यानंतर इचलकरंजीचं नाव निघालं नाही. आमच्या खोलीचं दारही मला कुणी बंद केलं नाही. दिवस चाललेत. मी सोप्यात, ती आत, काचेवर धुकं.

दिवाळीला शिवानी आली. झाडताना खाटेखाली तिला पायलट सापडला. तोच, करड्या प्लास्टिकचा, रंगाचा थेंब न लागलेला. ती आनंदानं नाचत आली. "आबा, काच हळूच उचकटते, ह्येला बसवूया!"

"न्हाय."

"आवो, सीट मोकळीच हाय की."

"बसलेल्याला उठवू नये, पोरी."

ती हसली. विमान उचलून काचेला डोळा लावला, सीट मोकळी आहे हे मला दाखवायला. हसू तोंडावरच राहिलं आणि बाकीचा चेहरा बदलला. मग तिनं विमान दोन्ही हातांनी खाली ठेवलं, झोपलेलं लेकरू ठेवतात तसं. काय दिसलं ते तिनं मला आजवर सांगितलं नाही. आणि मला म्हणते, तुम्ही लिहा.

एक गोष्ट मला अजून कळलेली नाही, आणि ती कळून घ्यायचीही नाही. मी समजत होतो, चिमणाबाई श्वास घेते आणि ते काचेवर उमटतं. पण उदयनं नख घातलं तेव्हा नळी नाकात होती, तरी ती गुदमरली. तेव्हा कोण कुणाच्या श्वासावर आहे? म्हणून ती काच मी कुणाला उघडू देणार नाही. रोज धूळ झटकतो, धुराच्या पट्ट्याला हात लावत नाही, नाकापुढचं पाणी बदलतो. वाटीतलं पाणी सकाळी थोडं कमी असतं. उन्हानं आटत असेल.

आज सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून चिमणाबाई माझ्यावर ओरडली. ऐकू आलं नाही, पण तोंड दिसलं. अजून काय पाहिजे माणसाला? त्या सीटवर जो कोण बसलाय त्याचे माझ्यावर उपकार आहेत. मी त्याला बोलावलं नव्हतं, रिकाम्या सीटला कुंकू लावून बसलो, तरी त्यानं कुरकूर न करता राखण केली. त्याच्याशी माझं काही भांडण नाही.

माझं देणं लागतो तो एकच माणूस. बापाला बायकोची नळी काढणारा म्हणाला आणि स्वतः नळीवर खुर्ची टाकून बसला. अजून माझ्यासमोर येतो, ताटावर बसतो, इकडचं तिकडचं बोलतो, 'आण्णा, चुकलं' तेवढं एक बोलत नाही. मला बारीक ऐकू येत नाही, तेव्हा मोठ्यानं म्हणावं लागेल. सगळ्यांना कळावं म्हणून नाव पुरं लिहितो: उदयसिंह जोतीराम चौगुले.